सरकीचं पोट

१२ ऑगस्ट १९८४, रविवार. बोरगाव (मेघे)

मे महिन्यानंतर इथे एक ओळ नाही. माफी मागायची तर कोणाची, वही माझीच. तरी ओशाळल्यासारखं झालं, कोणी जेवायला थांबलं होतं आणि मी बाहेरच रेंगाळलो, तसं. वेळ नव्हता हे खरं नाही. लिहायचं तर बायकोबद्दल, सुधाबद्दल लिहावं लागलं असतं.

थोडक्यात. सु.चं ऑपरेशन मेमध्ये झालं, गर्भाशय काढलं. टाके भरले, पण अंगात रक्त भरत नाही. डॉक्टरीणबाई गोळ्या बदलून पाहतात. सु. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, ताट तसंच परत जायचं. तिची मोठी बहीण माई आर्वीहून येऊन राहिली आहे म्हणून घर चालू आहे. जूनमध्ये आमच्या कॉलेजातल्या झूलॉजीच्या ताकसांडेसरांनी एक ससा आणून दिला. मादी. कापसासारखी पांढरी, पाठीवर बियांसारखे दोन काळपट ठिपके. सु.नं उशीवरून मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "सरकी." बऱ्याच काळानं आपणहून उच्चारलेला शब्द. नाव तेच राहिलं.

तेव्हापासून एक घास सरकीला, एक स्वतःला. दुधात बुडवलेला पोळीचा तुकडा. असं करत सु. अर्ध्या पोळीवरून दोनवर आली.

आज सरकीनं तुकडा हुंगला आणि तोंड फिरवलं. सु.नंही ताट सारलं. "भूक नाई," म्हणाली.

१४ ऑगस्ट, मंगळवार

पिंजरा मी धुतो. माई त्याच्या जवळ जात नाही, वास येतो म्हणते. एरवी लेंड्या सुक्या, गोल, वाटाण्यासारख्या. आज मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारखा घोस. मागचे केस चिकटलेले. घोसावर एक पांढरा धागा, नखाच्या अर्ध्याएवढा. खालच्या गोणपाटाचा असेल म्हटलं. गोणपाटाला पांढरा धागा नसतो, हे तेव्हाच कळत होतं. हलला की काय? वारा असेल. वारा नव्हता.

बादलीभर पाणी ओतून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. पक्कं कळल्याशिवाय काय सांगायचं, असं स्वतःला समजावलं. मग पक्कं कळण्याआधीच पाणी कशाला ओतलं?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आलो तर घरात सरकीची सभा. माईनं पिंजऱ्यात पाहिलं होतं.

"हगवण लागली तिले. आजच्या दिवस काई देऊ नका. पोटाले आराम पडते."

सु. म्हणाली, "तिले भूक लागन ना, माई."

"तुले लहानपनी हगवण लागली तं आईनं काय देल्लं होतं? पानी. मेली का तू?"

मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, विचारच केला नाही. या गावात पोट बिघडलं की अर्धे लोक उपास करतात आणि उरलेले मातीची पट्टी ठेवतात. वडिलांनी आम्हां भावंडांना असंच वाढवलं. मी आजही पोट जड झालं की लंघन करतो आणि उलट बरं वाटतं. सरकीपुढचं गवत मीच काढलं. वाटीत ओव्याचं पाणी ठेवलं.

१६ ऑगस्ट, गुरुवार

सरकी कोपऱ्यात गोळा होऊन बसली आहे. पोट फुगलेलं, पाठीचा कणा मात्र हाताला लागतो. लेंडी नाही. ओव्याच्या पाण्याला तोंड लावलेलं नाही. दुपारी जवळ बसलो तेव्हा ऐकू आलं, दातावर दात घासतेय. बारीक, सुपारी कातरल्यासारखा आवाज.

माईलाही ऐकू आलं. "घ्या. दात खाऊन राह्यली. जंत आहेत पोटात. आमच्या पोट्ट्यानं झोपेत दात खाल्ले का मी सकाळी वावडिंग देत होती."

भिंतीपलीकडून वानखेडेकाकूंनी दुजोरा दिला. "जंतच. दुसरं काय असन?"

दात खाते, म्हणून जंत. मी गेली सतरा-अठरा वर्षं पोरांना तर्कशास्त्र शिकवतो. चुकीच्या अनुमानाचं यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात नाही. पण तो धागा मी पाहिलेला. म्हणजे अनुमान चुकीचं, निष्कर्ष कदाचित बरोबर. वर्गात हे समजावताना मी फार हुशार दिसतो.

सु. आज जेवली नाही. माई ओरडली, मी समजावलं. "तिचा उपास, माहाही उपास," एवढंच म्हणाली. रागानं नाही. त्यामुळेच जास्त लागलं.

१७ ऑगस्ट

रजा टाकून सरकीला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात. पोळा जवळ आला, त्यामुळे ही रांग. खांदे सोललेले बैल, दोन शेळ्या, आणि टोपली घेतलेला मी. पुढच्या म्हाताऱ्यानं वाकून आत पाहिलं.

"गुर्जी, हे औताले जुंपता का?"

रांग हसली. मीही. बरं वाटलं जरा.

डॉक्टर तरुण, घामाघूम. म्हणाले, "सर, खरं सांगतो, शिकताना सशाला हात लावला तो कापायलाच." पण पोट नीट दाबून पाहिलं, कान लावला.

"उपाशी कोणी ठेवलं हिला?"

"मी."

"सशाचं आतडं चालत राहायला पाहिजे. थांबलं की वायू धरतो. दात घासते ते दुखतं म्हणून. आणखी एखादा दिवस असं ठेवलं असतं तर मला दाखवायची गरज पडली नसती."

खायला काय देता, विचारलं. पोळी आणि दूध सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. पोळी बंद, दूध बंद; सुकं गवत हवं तेवढं, पाणी, थोडा हिरवा पाला, तोही कोरडा करून.

धाग्याचं मी त्यांना सांगितलं. घराबाहेर, परक्या माणसाला, पहिल्यांदा. ते म्हणाले, असू शकतो जंत. वाळलेली आहे, केस निस्तेज, मागचा भाग चिकट, हे जंतात होतं. पोळी-दुधानंही होतं. पावसाळ्यात ओल्या पिंजऱ्यात दुसराही एक रोग होतो, त्याचे जंतू डोळ्यांना दिसतच नाहीत. लेंडी तपासल्याशिवाय औषध देणार नाहीत. "माझ्याकडची गोळी बैलाची आहे. तिचा कण कितीसा द्यायचा? चुकला तर जंताआधी ससा जाईल." इथला सूक्ष्मदर्शक बिघडलेला, कॉलेजात तपासून आणा म्हणाले. ताजी पाहिजे, सकाळची, मऊ आणि कडक दोन्ही, जशी पडली तशी.

निघताना विचारलं, माणसाला लागतात का हे? "सशाचे माणसाला लागत नाहीत असंच वाचलंय. हात मात्र साबणानं धुवा."

असंच वाचलंय. माझंही बहुतेक ज्ञान या जातीचं.

१९ ऑगस्ट, रविवार

काल संध्याकाळी सरकीनं एक काडी ओढली. मग दुसरी. आज सकाळी लेंड्या, लहान, वेड्यावाकड्या, पण लेंड्या. सु. पिंजऱ्याजवळ पाट टाकून बसते. सरकीची काडी चालू असते तोवर हिचा घास चालू. काडी संपली की सु. दुसरी पुढे करते, आणि स्वतःही एक घास घेते. बाकीचे सगळे उपाय या एका काडीपुढे हरले.

दुपारी माईनं मला ओसरीवर बोलावलं.

"जवाईबुवा, डॉक्टरीणबाईनं सुदीलेही तपासून घ्या म्हटलं. पोटात जंत असले तं रक्त भरत नाई म्हणे. हे ठाऊक आहे ना तुमाले?"

ठाऊक होतं. चिठ्ठी माझ्याच खिशात आहे. सु. टाळते, मी रेटत नाही.

"मंग एकाच घरात दोघींच्या पोटाचं असं कसं?"

डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"त्यानं ससा पाह्यला तरी होता का याच्या आंदी?" मग आवाज खाली आणून, "माही एकच बहीण उरली आहे. तुमाले माहं बोलणं खटकत असन, खटको. तिच्या सशात जंत निघाले तं जाताना मी सरकीले आर्वीले नेईन. देराच्या वावरात राहीन थे. मले आता हो म्हणा."

तिच्या दिराच्या शेतात दोन कुत्रे आहेत. माईला ते माहीत आहे, मलाही. पण तीन महिने या बाईनं आपलं घर सोडून आमचं घर ओढलं. तिच्या भीतीत खोट नाही. आणि डॉक्टरांचं "असंच वाचलंय" घेऊन मी काय वाद घालणार?

"बरं," म्हणालो.

वळलो तर सु. दारात. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

२१ ऑगस्ट

सकाळी लेंडी घ्यायला मागे गेलो तर सु.नं काडेपेटी भरून तयार ठेवली होती. "तुम्ही काऊन घाणीत हात घालता? घ्या." मला बरंच वाटलं. ती इतक्या सकाळी उठलीय, एखादं काम हातात घेतलंय.

तास संपल्यावर ताकसांड्यांच्या प्रयोगशाळेत. त्यांनी लेंडी चुरून मिठाच्या घट्ट पाण्यात कालवली, बाटली काठोकाठ भरून वर काचपट्टी ठेवली. अंडी हलकी, वर येऊन काचेला चिकटतात, म्हणाले. वाट पाहिली. मग पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली. मला डोळा लावू दिला. मला लगेच अंडी दिसली, गोल, चमकदार, कितीतरी.

"सर, ते बुडबुडे आहेत. अंड्यात आत काहीतरी असतं."

त्यांनी तीन पट्ट्या केल्या. गवताचे तंतू, परागकण, बुडबुडे. अंडं नाही. जंत नाही.

"पण सर, एका वेळी दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नाही. आणखी एक-दोनदा आणा."

घरी येऊन 'जंत नाही' एवढंच सांगितलं, पुन्हा तपासायचं ते नाही. माई मटकन पाटावर बसली. "बरं झालं बापा," म्हणाली, आणि पहिल्यांदाच पिंजऱ्याजवळ जाऊन कोथिंबिरीची एक काडी आत सारली. तिला सरकी न्यायची नव्हतीच. भीती जायला हवी होती.

सु. हसली नाही. मला वाटलं, थकली असेल.

२३ ऑगस्ट, गुरुवार

काय लिहू.

नळ येण्याआधी जाग आली. शेजारचं अंथरूण रिकामं. मागच्या दारातून पाहिलं, सु. पिंजऱ्यापुढे उकिडवी. खाली वर्तमानपत्र, त्यावर लेंड्या पसरलेल्या. हातात खराट्याच्या दोन काड्या. एकेक लेंडी काड्यांनी उलटीपालटी करायची, डोळ्यांजवळ न्यायची. कडक, सुक्या एका बाजूला, मऊ दुसऱ्या बाजूला. तांदूळ निवडतात तसं. मऊ लेंड्यांचा पुडा करून तिनं लिंबाखाली खड्डा उकरला आणि पुरला. माती दाबली. मग हात धुतले, राखेनं, पुन्हा राखेनं, पुन्हा.

उठताना तिचा तोल गेला. मी पुढे होऊन धरलं.

ती दचकली नाही. म्हणाली, "पाह्यलं का तुम्ही?"

"काडेपेटीत तू..."

"निवडून देल्या होत्या. चांगल्या चांगल्या."

"तू धागे कधी पाहिलेस?"

"तुमच्या आंदी. तुम्ही पानी ओतलं ना त्या दिवशी, मी खिडकीत होती. म्हटलं, यायलेही दिसलं. आता हे बोलतीन. तुम्ही नाई बोलले. मंग मले वाटलं, यायलेही ठेवाची आहे तिले."

बरोबरच वाटलं होतं तिला.

आत येऊन ती खाटेवर बसली. दम लागला होता. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माहं जे काढलं, थे मले विचारून काढलं नाई कोनी. तुम्ही सही केली, माईनं मान हलवली. करावंच लागलं असन, मी नाई म्हणत नाई. पण हे तरी माह्या डोळ्यासमोरून तसं नका नेऊ."

माई उठली. सु.नं पांघरूण ओढून घेतलं.

२४ ऑगस्ट

माईनं काकूंना भिंतीवरून सांगितलं, "आमची सरकी कॉलेजातून पास होऊन आली." काकू म्हणाल्या, "जवाईबुवा मास्तर आहेत, त्यायनंच मार्क देल्ले असतीन." दोघी हसल्या. मी आत पेपर तपासत होतो, लाल पेन हातात तसंच.

माईला सांगायचं की नाही? आज दिवसभर हेच. माईला सरकी न्यायला मी 'बरं' म्हटलं होतं ते तपासणी खरी होईल असं धरून. तपासणी खोटी म्हटल्यावर ते बंधन कुठे राहतं? असा युक्तिवाद करता येतो. केलाही. आणि करताना लाज वाटली.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. सरकीला जंत असतील तर तिला औषध हवं. खाते खरी, पण अंगाला लागत नाही. कणा आजही हाताला टोचतो. सु. ज्या लेंड्या पुरते, त्यांतच सरकीच्या इलाजाचा धागा आहे. आम्ही दोघं तिला वाचवतोय असं म्हणत हळूहळू मारतोय.

आणि रोज पहाटे सु.चे हात त्यात.

२६ ऑगस्ट, रविवार. पोळा

माईनं पुरणपोळ्या केल्या. रस्त्यानं बैल गेले, शिंगांना रंग, पाठीवर झुली. सु. दारात येऊन उभी राहिली, एवढा वेळ उभी राहिलेली मी मेनंतर पाहिली नव्हती. पुरणपोळी अर्धी खाल्ली. सरकीला सुकं गवत.

माई परवा, मंगळवारी दुपारच्या गाडीनं जाणार. तिची ट्रंक भरणं सुरू आहे. म्हणजे एक दिवस गप्प राहिलो की विषय मिटला. माई आर्वीला, सरकी इथे, मग आरामात तपासणी, जंत निघाले तर औषध, कोणाला पत्ता नाही. उपाय इतका सोपा आहे की त्याच्याकडे पाहवत नाही.

संध्याकाळी माईनं मला पाच-सहा कागद दिले. कोणत्या गोळीनंतर काय खायला द्यायचं, सु.ला काय पचतं, काय नाही. अक्षर मोठं, वाकडं. "तुम्ही वाचता, मले माहीत आहे. म्हणून लिहून ठेवलं. सुदी तुमाले खरं नाई सांगणार, दुखलं तरी."

मान खाली घालून घेतले.

२७ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पोरांची आरोळी, "रोगराई घेऊन जाय गे मारबत." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तिचा पुतळा गल्लीतून गावाबाहेर नेला. काकू भिंतीवरून म्हणाल्या, सशाचे जंत पाठवले का नाई मारबतीसंगं? माई म्हणाली, आमच्याकडे नाहीतच, काय पाठवू. मी दाढी करत होतो. गाल कापला.

दुपारी माई झोपल्यावर सु.जवळ बसलो. सरकी तिच्या मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हणालो, "उद्या खरी लेंडी नेतो. मऊ आणि कडक, दोन्ही. ताकसांड्यांना सांगून ठेवलंय, पहिल्या तासाआधी बघतील. माई जायच्या आत कळेल."

"आनि निघाले तं?"

"तर माईला मीच सांगीन. काडेपेटीचंही सांगीन. आणि सरकी नेऊ नका म्हणून तिच्यासमोर उभा राहीन. पिंजरा लिंबाखाली, धुणं माझ्याकडे. ती ऐकेल की नाही, ठाऊक नाही. मी 'बरं' म्हटलंय तिला."

"नाई ऐकली तं?"

"तेव्हाचं मला माहीत नाही," म्हणालो. "आणि तुझीही तपासणी करायची आहे. चिठ्ठी अजून माझ्याच खिशात आहे."

ती सरकीच्या कानामागे बोट फिरवत राहिली. "आजही नाई विचारलं तुम्ही. सांगितलंच."

खरं होतं. मग विचारलं. नेऊ का?

"न्या," म्हणाली. "पण तुम्ही घ्या. माह्या हातानं नाई होनार. माहे हात निवडतीन."

उद्या: नळाच्या आधी उठून लेंडी स्वतः घेणे, न निवडता.